जी. ए. झेपत नाहीत, काय करू?

मंडळी, आमच्या कंपूतले सगळे जी. ए. कुलकर्णींचे भक्त. मला मात्र दोन पानांत दम लागतो. 'रमलखुणा' (१९७५) घेतलं, त्यात दोनच दीर्घकथा. 'प्रवासी' कशीबशी संपवली, 'इस्किलार'मध्ये अडकले. एकेका परिच्छेदात उपमांची रांग, आणि पात्रं साधं बोलायचं सोडून तत्त्वज्ञानच सांगत बसतात. भाषा जबरदस्त आहे, नाही म्हणत नाही. पण जीव गुंतत नाही. मैत्रीण म्हणते, "वय वाढलं की कळेल." चाळिशी उलटली की हो माझी!

सुरुवातीचे 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' हे संग्रह जास्त आपल्या आसपासच्या माणसांचे आहेत असं ऐकलंय. तिथून सुरू करू का? नेमकी कुठली कथा आधी वाचू? की सरळ नाद सोडू? भक्तांनी कृपया चिडू नये.