नवीन बाळाचा खर्च: घरातल्याच कुठल्या वस्तूंनी तुमचं भागलं? अनुभव सांगा

नमस्कार सगळ्यांना. माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, बाळंतपणाला इथं बेळगावलाच माहेरी आलीय. परवा आम्ही दोघी गणपत गल्लीत सहज सामान बघायला गेलो, आणि दुकानदारानं जे एकेक काढून काउंटरवर मांडलं, डायपर, वाइप्स, बाटल्या, बाटल्या उकळायचं मशीन, मानेची उशी, छोटी गादी मच्छरदाणीसकट, बेबी टब, ते बघता बघता साडेसहा हजारावर गेलं. मेहुणे उद्यमबागला फाउंड्रीत आहेत, पगार सगळ्यांना माहीत आहे. बहिणीचं तोंड उतरलं, "अक्का, हे सगळं नसलं तर बाळाचं हाल होतील काय गे" म्हणायला लागली. तिला काही न घेताच घरी घेऊन आले.

घरी आईनं काही न बोलता ट्रंक उघडली. तिच्या वापरून वापरून पातळ झालेल्या वायलच्या साड्या होत्या, त्यातली एकेक काढून गालाला घासून बघायला लागली. म्हणाली, गालाला जे लागत नाही तेच बाळाला लावायचं. काठ आणि पदर बाजूला काढला आणि बावीस इंचाचे चौकोन फाडले, एका साडीत अठरा निघाले. दोन साड्यांत छत्तीस लंगोट. बाळ दिवसाला दहा-बारा तरी ओले करतंय, म्हणजे तीन दिवसाचे झाले. डायपर एक नग दहा रुपयाच्या आसपास पडतोय, महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. रात्रीला आणि दवाखान्यात जाताना डायपर घालायला माझी काही हरकत नाही, खरं दिवसभर कशाला?

तर बहिणीसाठी विचारते. तुमच्याकडे काय काय चाललं, काय नाही चाललं, दोन्ही लिहा. जे नाही चाललं ते तर जरूर लिहा.

जांबोटीची सून

लंगोटाचं बरोबर आहे ताई खरं तुमचं बाळ कुठल्या महिन्यात येणार ते बघा. माझा मुलगा जुलैचा. आमच्याकडं खानापूर तालुक्याच्या या बाजूला जुलैत सूर्य दिसत नाही आठ आठ दिवस, घरात भिंती ओल्या, आणि छत्तीस काय साठ लंगोट असते तरी वाळले नसते. सासूबाईंनी बुरडाकडचं मोठं डालगं आणलं, शेगडीत निखारे, त्यावर डालगं पालथं आणि त्यावर लंगोट पसरायचे. पिढ्यान् पिढ्या तसंच वाळवतात आमच्यात. वाळायचे छान, गरम गरम. खरं त्या लंगोटांना धुराचा वास बसायचा आणि शेगडी बाळंतखोलीतच असायची. बाळ पंधरा दिवसाचं असताना खोकायला लागलं, डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की खोलीत धूर करता काय. त्या दिवसापासून शेगडी, धुरी सगळं बाहेर. सासूबाईंना वाईट वाटलं, त्यांनी मायेनंच केलेलं, पण त्यांनीच स्वतः उचलून पडवीत नेऊन ठेवलं.

मग आम्ही काय केलं तर लंगोट धुवून घट्ट पिळायचे, पडवीत दोरीवर रात्रभर, सकाळी दमट असायचेच, तेव्हा एकेक इस्त्री फिरवायची. वाफ निघून जाते आणि कडक गरम इस्त्रीनं जंतू पण मरतात. वीस लंगोटाला पाऊण तास लागायचा. हे काम मिस्टर कामावर जायच्या आधी करायचे, मला ओल्यात उभं राहू दिलं नाही कुणी. लाइट गेली की मात्र डायपर, त्यासाठी एक पाकीट घरात ठेवाच पावसाळ्यात.

निपाणीहून

माझा एक वाईट अनुभव आहे, सांगायला हवा. आम्ही इचलकरंजीहून मलमल मीटरवर आणलं होतं, निपाणीहून जवळच आहे, रेडिमेड लंगोटापेक्षा निम्म्याहून कमीत झालं. पण ते कमी पडलं म्हणून जुनी साडी पण फाडली. कडा शिवल्या नाहीत, कारण शिवण टोचते म्हणून मावशी म्हणाल्या आणि ते खरंच आहे. मुलगी महिन्याची असताना एका रात्री रडायची थांबेना. दूध घेईना, पोटाला हिंग लावला, खांद्यावर घेऊन फिरवलं, दोन तास. शेवटी माझ्या जाऊबाईंनी तिला लाइटखाली पूर्ण उघडी केली आणि पायमोजा काढला तर उजव्या पायाचं मधलं बोट टोमॅटोसारखं लाल आणि फुगलेलं, आणि त्याच्या मुळाशी साडीचा एक सुटा धागा तीन वेढे घालून रुतलेला. केसासारखा बारीक. सुईच्या टोकानं उचलून बारीक कात्रीनं कापला तेव्हा माझे हात थरथरत होते. सकाळी दवाखान्यात दाखवलं, डॉक्टर म्हणाले वेळेवर बघितलं, उशीर झाला असता तर बोटाचं रक्त थांबलं असतं. केसानं पण असंच होतं म्हणाले, बाळंतिणीचे केस गळतात ते गुंडाळले जातात.

त्यानंतर मी सगळे लंगोट परत काढले, सुटे धागे कापले, आणि कडा एकदाच दुमडून बाहेरच्या बाजूनं शिवल्या, म्हणजे शिवण बाळाच्या अंगाला लागत नाही. पायमोजे, हातमोजे घालायच्या आधी उलटे करून बघायचे. जुन्या कपड्याला मी वाईट म्हणत नाही, दुसऱ्या लेकीला पण तेच वापरले. पण बाळ उगाच रडायला लागलं की हाताची पायाची बोटं मोजून बघा, प्लीज.

वडगावच्या आज्जी (नात टाइप करूलालीय)

आज्जी सांगते तसं लिहिते. आमचं घर मागवाल्यांचं, वडगावात घरोघरी माग होते तेव्हा, साडीच्या टोकाला राहिलेला कापडाचा तुकडा बाळंतिणीच्या घरी द्यायचे, त्याचं झबलं व्हायचं. बेकरीतनं मैद्याची पोती मिळायची, तेव्हा ती कापडाची असायची, आता प्लास्टिकची येतात. ती पोती सोड्यात दोनदा उकळायची, अक्षरं जाईपर्यंत घासायची, आणि मग ती अशी मऊ व्हायची की दुपट्याच्या आत घालायला त्याच्यासारखं काही नाही. आज्जीची पाचही मुलं त्यात वाढली.

वाकळेचं आज्जी मनापासून सांगते. बाळाची वाकळ नव्या कापडाची कधी शिवायची नाही, घरातल्या सगळ्यांचं एकेक जुनं धोतर, लुगडं, चादर थरावर थर घालून उभे टाके. आमच्या शेजारच्या कन्नड काकू तिला कौदी म्हणतात, दोघींनी मिळून एका मार्गशीर्षात माझ्यासाठी शिवलेली, ती अजून आहे. तीन लहान वाकळा असल्या की गादी नको. एक खाली, एक धुवायला, एक वाळायला. खाली मेणकापड घालायचं असेल तर वाकळेच्या खाली, बाळाच्या तोंडाजवळ येईल असं कधीच नाही.

टब नको म्हणते आज्जी. पाटावर बसून पाय लांब करायचे आणि बाळाला पायावर घ्यायचं, पाणी आधी आपल्या कोपरानं बघायचं. ज्यांना गुडघे दुखतात म्हणून बसता येत नाही त्यांनी घरातलं मोठं प्लास्टिकचं घमेलं नवं घेऊन तेवढ्यासाठीच वेगळं ठेवावं, तळाला जुना टॉवेल घातला की बाळ घसरत नाही.

एक बाबा, खानापूर

इथे बायकाच लिहितायत, मी पण लिहितो. आमचं बाळ साडेआठ महिन्याला झालं, वजन एक किलो नऊशे. आठ दिवस पेटीत होतं. घरी सोडताना मला भीती अशी की घरी पेटी कुठनं आणायची, एका ओळखीच्यानं भाड्यानं हीटर लॅम्प लावा सांगितलं. तिथल्या सिस्टरनी मला खुर्चीत बसवलं, शर्ट काढायला लावला, बाळाला नुसता लंगोट आणि टोपरं घालून माझ्या छातीवर उभं ठेवलं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, आणि बायकोच्या जुन्या सुती साडीनं दोघांना मिळून गुंडाळलं. म्हणाल्या हीच पेटी. कांगारू केअर म्हणतात. 1978 च्या सुमाराला कोलंबिया देशात बोगोटाच्या दवाखान्यात पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं आणि आता जगभर कमी वजनाच्या बाळांना हेच सांगतात.

घरी दीड महिना आम्ही पाळी लावली. दिवसा बायको आणि माझी आई, संध्याकाळी सहा ते अकरा मी. लेकीच्या श्वासाची ऊब माझ्या गळ्याखाली एका जागी लागायची, तेवढीच जागा ओली व्हायची. पहिल्या आठवड्यात मी हललो पण नाही. पाठीला तक्क्या, थोडं मागं रेलून बसायचं, झोप यायला लागली की दुसऱ्याकडे द्यायचं, बाळ छातीवर असताना आपण झोपायचं नाही असं आम्हाला सांगितलेलं. सातव्या आठवड्यात तीन किलोच्या जवळ गेली.

दूध ओढायची ताकद नव्हती तेव्हा बाटली घ्यायला निघालो होतो. आईनं माझंच चांदीचं बोंडलं, म्हणजे दूध पाजायची चोचीची वाटी, काढली. डॉक्टरांना विचारलं तर ते खूश झाले, बाटलीपेक्षा वाटी-चमचा नाहीतर बोंडलं बरं, धुवायला सोपं, निपलमध्ये जंतू राहतात तसं नाही. इडलीच्या भांड्यात दहा मिनिटं उकळायचं प्रत्येक वेळी, मशीन कशाला लागतंय. चांदीचं नसलं तर स्टीलचं मिळतं भांड्याच्या दुकानात, तेवढंच काम करतं. आईचंच काढलेलं दूध, थेंब थेंब, गालाच्या बाजूनं, घाई नाही.

आशा कार्यकर्ती, चिकोडी तालुका

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. मी नोकरीतलं सांगते.

पहिलं, जे फुकट आहे त्यावर पैसे घालू नका. तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड, काढलंय काय बहिणीचं? नसेल तर उद्याच काढा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या फुकट, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, जायला यायला गाडी, हे 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. जन्मल्याबरोबरचे बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ बीची लस फुकट. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. अंगणवाडीत मातृपूर्णाचं गरम जेवण 2017 पासून सुरू झालंय, ते लाजून सोडू नका, बाळंतीण जेवली तर बाळाचं दूध. पूर्वी बाळ-बाळंतिणीच्या सामानाचं मडिलू किट पण मिळायचं, माझ्या थोरल्याच्या वेळचं त्यातलं रबर शीट अन् मच्छरदाणी मी पुढं तीन घरात फिरवली. मडिलू म्हणजे कन्नडमध्ये मांडी, कुशी. आणि दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही घरी सहा वेळा येतो, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करतो, ताप बघतो. आम्हाला दारातनं परत पाठवू नका, जे विचारायचं ते विचारून घ्या.

दुसरं, काही गोष्टी घरात आहेत म्हणून बाळाला लावायच्या नाहीत. नाळेला हळद, राख, तेल, काही काही नाही, कोरडी ठेवायची, आपोआप पडते. लंगोट नाळेच्या खाली दुमडायचा. राईची उशी नको, कसलीच उशी नको. काजळ डोळ्यात नको. मध नको, घुटी नको, पाणी सुद्धा सहा महिने नको. दुपट्यात गुंडाळताना हात गुंडाळा पण पाय ताणून सरळ बांधू नका, खुब्याचा सांधा सरकतो, पाय आत हलायला पाहिजेत. लंगोट धुताना अँटिसेप्टिक ओतू नका, साधा साबण, तीन पाण्यातनं काढायचे आणि उन्हात. लंगोटाखालचं अंग लाल झालं तर तेवढं तासभर उघडं ठेवा आणि खोबरेल.

पैसे वाचवायच्या नादात एक मात्र वाचवू नका. घरात थर्मामीटर पाहिजेच. बाळ गरम लागतंय, नाहीतर गार पडलंय, दूध ओढत नाही, श्वास जोरात चाललाय, तर घरचं काही करत बसू नका, 108 ला फोन करा.

शहापूर

वाइप्सच्या ऐवजी मलमलचे हातभर तुकडे आणि कोमट पाणी. स्टीलचा एक झाकणाचा डबा, त्यात सकाळी उकळून गार केलेलं पाणी, संध्याकाळी ओतून नवीन. बाहेर जाताना ओले तुकडे पिळून दुसऱ्या डब्यात. दोन मुलं झाली, पाकीट एकच घेतलं, ते पण अर्धं राहिलं.

बेळगुंदीहून

साडीची झोळी आम्ही पण बांधली आणि दोन दिवसात काढली, कारण बाळ अगदी लहान असताना त्यात गोळा होऊन हनुवटी छातीला टेकत होती. सपाट लाकडी पाळणा बरा. आमच्या घरातला पाळणा विकत घेतलेला नाही, माझ्या चुलत सासऱ्यांच्या बारशाला बनवलेला सागवानी आहे, अकरा बाळं झोपली त्यात. खालच्या फळीला आतून प्रत्येक बाळाचा जन्मदिवस खिळ्यानं कोरलाय. नेताना एकच नियम, साखळी आणि आकडा नवा घालायचा, आणि परत देताना बारशाचा पेढा.

(चर्चेचा हा धागा काढणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला वाचून दाखवलं, निपाणीच्या ताईंचं ऐकून तिनं रात्रीच छत्तीसच्या छत्तीस लंगोट काढून सुटे धागे कापले. तायी कार्ड होतंच, मातृवंदनाचा फॉर्म राहिला होता, तो सोमवारी भरतो. तिची तारीख भाद्रपदातली आहे, म्हणजे जांबोटीच्या वहिनींची इस्त्री आम्हालाही लागणार. आता विकत घ्यायच्या यादीत थर्मामीटर, मेणकापड दोन मीटर, स्टीलचं बोंडलं आणि डायपरचं एक छोटं पाकीट, एवढंच राहिलंय. बाकी वाचलं त्यातनं अळीव, डिंक, खोबरं आणि गोकाकचं करदंट आणायचं असं आईनं ठरवलंय, बाळंतिणीला.

अनगोळ किंवा टिळकवाडीच्या बाजूला कुणाचा पाळणा रिकामा असेल तर सांगा. साखळी आणि आकडा आम्ही नवा घालू, मेहुणे फाउंड्रीतनं आणतो म्हणालेत.