मदत हवी आहे: 1944 च्या प्रचारपटातल्या रेल्वेगाडीला मराठी नाव

'हेल-बेंट फॉर इलेक्शन' या अमेरिकी कार्टूनपटाला मराठी सबटायटल करतोय. रूझवेल्ट पुन्हा निवडून यावेत म्हणून 1944 साली वाहन कामगारांच्या युनियनने पैसे घालून तो काढला. दिग्दर्शक चक जोन्स. गोष्ट सरळ आहे. एकीकडे रूझवेल्टच्या चेहऱ्याचं चकाचक इंजिन, 'विन द वॉर स्पेशल'. दुसरीकडे जुनाट, धापा टाकणारी 'डिफीटिस्ट लिमिटेड', म्हणजे विरोधी उमेदवार ड्यूई. सांध्यावर, म्हणजे गाडीचा रूळ बदलतात तिथे, जो नावाचा कामगार. त्याला डुलकी लागली की संपलं!

पहिलीचं 'विजय स्पेशल' जमलं. अडलंय दुसरीवर. तिकडे 'लिमिटेड' म्हणजे मोजके थांबे घेणारी गाडी, पण 'पराभव लिमिटेड' वाचून आपल्याकडे कंपनीच आठवते. 'रडकी एक्सप्रेस' केलं तर हसू येतं, पण लढण्याआधीच हार मानल्याचा अर्थ निसटतो. 'हातपाय गाळू एक्सप्रेस' मला आवडलं होतं, घरच्यांनी नाक मुरडलं.

शिवाय 'अस्लीप अ‍ॅट द स्विच' हा तिकडचा वाक्प्रचार. 'गाफील राहिला' म्हटलं तर रूळ गेले, 'सांध्यावर झोपला' म्हटलं तर वाक्प्रचार गेला.

प्रेक्षक कॉलेजची मुलं, तळटिपेला जागा नाही, एका ओळीत फार तर 35 अक्षरं. चित्रपटाचं नाव तसंच ठेवतोय, ते सुचवू नका. रेल्वेत काम केलेलं कुणी आहे का इथे? ड्युटीवर झोपलेल्या सांधेवाल्याला तुमच्यात काय म्हणतात? आणि त्या रडतखडत गाडीला एखादं चपखल नाव?