ठिबकणारा नळ घरीच दुरुस्त करता येईल का?

प्रश्न: स्वयंपाकघरातील अर्धा इंची पितळी नळ कितीही घट्ट आवळला तरी रात्रभर ठिबकतो, प्लंबरला न बोलावता काय करता येईल?

उत्तर १: टाकीकडचा कॉक बंद करून नळातले उरलेले पाणी काढून टाकावे, पान्याने वरचा भाग उघडावा आणि आतला रबरी वायसर पाहावा, त्यावर बांगडीसारखी खोल चरी उमटली असेल, तर तो बदलावा. नळ जोर लावून आवळल्यानेच ही चरी वाढते.

उत्तर २: जुना वायसर दुकानात सोबत न्यावा. (मी अंदाजाने आणला आणि दोन हेलपाटे घातले.)

उत्तर ३: पाव फेरीत उघडणाऱ्या नळात मात्र बहुधा वायसराऐवजी सिरॅमिक चकत्यांचे स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा आतला भाग) असते, ते झिजल्यास संपूर्ण बदलावे लागते.