मदत हवी आहे: दोन वयांची मुले घरी शिकत असताना आठवड्याची आखणी कशी करावी?

नमस्कार. आमची ११ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा शाळेत न जाता घरीच शिकतात. आम्ही दोघेही नोकरी करतो. सकाळी मुलांचा अभ्यास मी पाहतो आणि दुपारनंतर पत्नी, अशी वाटणी आहे. मुलांना शिकण्याचा कंटाळा नाही. आठवडा बसत नाही, ही आमची अडचण आहे.

धाकटा सध्या जोडाक्षरे वाचायला शिकतो आहे आणि त्याच्या शेजारी कोणीतरी बसावे लागते. तो अडलेला असताना मी उठून गेलो, तर पुस्तक मिटलेच म्हणून समजावे. थोरली भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज करते आहे. पुष्कळशी उदाहरणे ती स्वतः सोडवते, पण लसावि कशासाठी काढायचा, हे तिला विचारायचे असते ते नेमके धाकट्याच्या वाचनाच्या वेळी. सोमवार-मंगळवारी हे निभावते, बुधवारी अभ्यास मागे पडू लागतो आणि शुक्रवार सगळा थकबाकी भरून काढण्यात जातो. त्यात चित्रकला आणि विज्ञानाचे प्रयोग, म्हणजे ज्यांच्यासाठी आम्ही मुख्यतः हा मार्ग निवडला त्याच गोष्टी, सर्वांत आधी गळतात. शिवाय गणित असे एकाच दिवशी रेटणे मला पटत नाही. थोडथोडी, अंतराअंतराने केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच स्वतःवरील प्रयोगांच्या आधारे मांडले होते.

वाचन केल्यावर दोन वेगळे मार्ग समोर आले आहेत. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांच्या मते लहान मुलांचा एकेक पाठ २० मिनिटांपेक्षा लांबवू नये, लागोपाठचे विषय वेगळ्या प्रकारचे असावेत आणि एकदा वाचून दाखवलेला भाग मुलाने लगेच आपल्या शब्दांत सांगावा. याउलट मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत साधारण तीन तासांचा सलग वेळ मोकळा ठेवतात. मूल आपले काम स्वतः निवडते आणि मोठ्यांनी मध्ये व्यत्यय आणायचा नसतो. मला दोन्ही पटतात, हीच पंचाईत आहे. धाकट्यासाठी छोटे पाठ आणि थोरलीसाठी सलग वेळ, असा माझा कल आहे. मात्र माँटेसरींची बरीचशी साधने मुलाला आपली चूक आपल्यालाच कळावी अशा रीतीने घडवलेली असतात आणि म्हणूनच तेथे मोठ्यांना बाजूला राहता येते. थोरलीच्या गणिताच्या पुस्तकात फक्त शेवटी उत्तरे आहेत, आणि उत्तर चुकले हे कळल्याने ते का चुकले हे कळत नाही.

काही परिचित वेळापत्रकच सोडून द्या, असे सुचवतात. अमेरिकी शिक्षक-लेखक जॉन होल्ट यांनी १९७० च्या दशकात ज्याला ‘अनस्कूलिंग’ (ठरावीक अभ्यासक्रमाऐवजी मुलाने आपल्या आवडीने शिकणे) म्हटले, त्यातला मुलांवरचा विश्वास मला आवडतो, पण गणिताच्या बाबतीत माझे तेवढे धाडस होत नाही.

ज्यांच्या घरी वयात असेच अंतर असलेली मुले शिकतात, त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. थोरलीने अडलेले प्रश्न वहीत टिपून ठेवावेत आणि मी ते ठरावीक वेळी एकत्र सोडवावेत, ही व्यवस्था प्रत्यक्षात चालते का, की तोवर मुलाचा उत्साह ओसरतो? दुसरे म्हणजे, प्रयोग आणि चित्रकला आठवड्याच्या सुरुवातीलाच ठेवून गणित-वाचनाचे छोटे पाठ रोज उरलेल्या वेळेत बसवण्याचा अनुभव कोणाला आहे का? मुलांची वये आणि घरात एका वेळी किती मोठी माणसे असतात, हे उत्तरात लिहिल्यास मला ताडून पाहता येईल. शिकवणी लावण्याचा पर्याय आम्ही विचारात घेतलेला नाही, त्यामुळे कृपया तो वगळून सुचवावे.