दगड कुणाच्या पुस्तकात?

मिशन कंपाउंड

तीन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. तांबडापांढरा या टोपणनावानं लिहिणाऱ्यांनी सोमवारी इथं ग्रुपवर लिहिलं की व्यभिचारात धरलेल्या बाईला दगड मारायला आलेल्यांना येशूनं परत पाठवलं आणि इस्लाममध्ये मात्र दगड मारायचा हुकूम कुराणातच आहे. म्हणून एक धर्म क्षमेचा, एक सजेचा, "विषय संपला". लोकांनी धडाधड लाइक ठोकले. माझ्या चर्चच्या मंडळीतल्या चौघांनी तीच पोस्ट मला आनंदानं पाठवली, ते जास्त लागलं.

अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांच्या मिशनच्या शाळेत माझे आजोबा शिकले आणि मी तीस वर्षं मास्तरकी केली. माझ्या धर्माची स्तुती चुकीच्या माहितीवर झालेली मला नको आहे.

दगडाची सजा कुराणात नाही. सूरह नूर या अध्यायाच्या दुसऱ्या आयतीत व्यभिचाराला शंभर फटके आहेत. दगड आले ते हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींतून. दगडांचा लेखी हुकूम ज्या पुस्तकात आहे ते आत्ता माझ्या टेबलावर आहे. बायबलच्या जुन्या करारातलं 'अनुवाद' हे पुस्तक, अध्याय 22 काढा. अध्याय 21 मध्ये आईबापाचं न ऐकणाऱ्या पोराला गावानं दगडमार करायचा आहे. त्याच करारातल्या 'लेवीय' पुस्तकाच्या अध्याय 24 मध्ये देवाच्या नावाची निंदा करणाऱ्याला तीच सजा. हात तोडायचीही सजा आहे, अनुवाद 25. कुणाचा हात आणि कशासाठी, ते ज्यानं त्यानं वाचावं.

"तो जुना करार" असं कुणी म्हणेल. जुनाच. पण नियमशास्त्र रद्द करायला मी आलो नाही, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू स्वतः म्हणतो. मग ते आपण पाळत का नाही, हे सांगायला चर्चला नव्या करारातली पौलाची पत्रं काढावी लागतात. आणि योहानाच्या शुभवर्तमानातली ती बाईची आणि दगडांची गोष्ट, जी मी दरवर्षी मुलांना सांगायचो, ती सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीच. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या प्रती आहेत, दोन्हींत नाही. हे मला साठाव्या वर्षी कळलं. दोन रात्री झोप लागली नाही.

फरक आहे, तो मी नाकारत नाही. मुसलमानाच्या श्रद्धेत कुराणाचा शब्दन् शब्द अल्लाहचा, अरबीसकट. आमच्यात बायबल माणसांनी लिहिलं, देवाच्या प्रेरणेनं, आणि देवाचा शब्द म्हणजे येशू हा माणूस. म्हणून आम्हाला एखादं वचन मागं ठेवणं सोपं जातं. पण सोपं असूनही आम्ही काय केलं? जिनिव्हात 1553 साली सर्व्हेटसला त्याच्या पुस्तकासकट जाळलं, त्रैक्य मानत नाही म्हणून. एडिंबरात 1697 साली एकेनहेड नावाच्या विद्यार्थ्याला फाशी, धर्मनिंदा केली म्हणून. व्हॅलेन्सियात 1826 साली रिपोल नावाच्या शाळामास्तरला फाशी. तोही मास्तरच. येशूच्या तोंडचं एकही वचन यांतल्या कुठल्याच सजेला आधार देत नाही. तरी झालं.

तांबडापांढरा

मास्तर, तुमचा मान राखून बोलतो. तुम्ही दिलेलं ताजं उदाहरण 1826 चं आहे. मी 2010 चं देतो. आसिया बीबी, पाकिस्तानातली ख्रिस्ती बाई. पाण्याच्या भांड्यावरून शेतात बायकांशी वाद झाला आणि धर्मनिंदेच्या आरोपावरून फाशीची सजा झाली. 2018 ला सुप्रीम कोर्टानं सोडलं, तोवर आठ वर्षं फाशीच्या छायेत. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना 2011 च्या जानेवारीत त्यांच्याच अंगरक्षकानं गोळ्या घातल्या, मार्चमध्ये मंत्री शाहबाज भट्टी. भट्टी तुमच्याच धर्माचे होते मास्तर. इंग्लंडनं धर्मनिंदेचा कायदा 2008 ला काढून टाकला, पाकिस्ताननं आपल्या कायद्यात 1986 ला फाशी घातली. मला आज काय चाललंय ते महत्त्वाचं. जुन्या प्रतींत काय आहे आणि काय नाही त्यानं त्या बाईची आठ वर्षं परत येतात काय?

दसरा चौक

आसिया बीबीचं तुम्ही बरोबर लिहिलंत. त्यावर "पण" लावायचं नाही मला. तासीर यांच्या मारेकऱ्यावर फुलं उधळणारे वकील होते आणि मी स्वतः वकील आहे. त्या फोटोची मला आजही लाज वाटते.

पण "कुराणातच आहे" हे तुमचं वाक्य चूकच आहे, ते मागं घ्या. चोराचा हात कापायची आयत कुराणात आहे, पाचवी सूरह, 38. ती आहे हे मी लपवत नाही. पुढचीच आयत वाचली का? पश्चात्ताप करून सुधारणाऱ्याला अल्लाह माफ करतो. आणि फिकहवाल्यांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, त्या सजेभोवती किती कुंपणं घातलीत! माल कुलपात असला पाहिजे, ठरावीक किमतीच्या वर असला पाहिजे, भुकेनं चोरलं असेल तर नाही, शंका आली तर हद्द, म्हणजे ही ठरलेली सजा, लागूच नाही. दुष्काळाच्या वर्षी हजरत उमर यांनी ही सजा थांबवली, हे आमच्यातल्या पोरासोरांना माहीत असतं. व्यभिचाराला चार साक्षीदार लागतात, डोळ्यांनी पाहिलेले, आणि साक्ष पुरी पडली नाही तर आरोप करणाऱ्यालाच ऐंशी फटके. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलला तर फाशी होती. क्षमेचा धर्म तेव्हाही तोच होता.

पाकिस्तानचंच घ्या. तिथल्या शरियत कोर्टानं 1981 साली निकाल दिला होता की दगडाची सजा इस्लामी नाही, कुराणात नाही म्हणून. लष्करशहा झियांनी बेंच बदललं आणि 1982 ला निकाल फिरवून घेतला. पुस्तक तेच होतं. फक्त खुर्च्यांवरची माणसं बदलली.

लहानपणी मी उस्तादांना विचारलं होतं की हात कापल्यावर तो माणूस जेवणार कसा? छडी बसली, उजव्या तळव्यावर. घरी आल्यावर आजोबांनी तळवा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "बेटी, सवाल बराबर था." माझे पणजोबा मुस्लिम बोर्डिंगात शिकले, शाहू महाराजांनी 1906 ला काढलं ते. कुराण मराठीत यावं म्हणून खटपट करणाऱ्या राजाचं हे गाव आहे. इथं तरी न वाचता लिहू नका.

घाटाखालचा

मास्तर, जिनिव्हा आणि एडिंबरा आठवलं, गोवा नाही आठवलं? हाकेच्या अंतरावर आहे. पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मकोर्ट, 1560 ते 1812, मध्ये चार वर्षांचा खंड. आमचा मंगेश कुठ्ठाळीहून रातोरात प्रियोळला न्यावा लागला, त्याच 1560 साली. आमचं घराणं तिथून सावंतवाडी आणि मग इकडं. आजी तुळशीला पाणी घालताना दार लावून घ्यायची. कोल्हापुरात, 1970 साली! का, हे तिलाही सांगता यायचं नाही. तिच्या आईनं लावलेलं, त्या आईच्या आईनं लावलेलं. 1736 च्या फर्मानात अंगणातल्या तुळशीलाही बंदी होती हे मी पुढं वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला.

आणि तुम्ही म्हणता वचनाचा आधार नव्हता. आधार नसताना अडीचशे वर्षं चाललं, हे जास्त भयंकर नाही का?

मिशन कंपाउंड

गोवा मी विसरलो नव्हतो. लिहायला हात उचलला नाही, हे कबूल करतो. चुकलं माझं.

एकच सांगतो, कारण ते मुद्द्याचं आहे. ते कोर्ट मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचं. धर्मात आलास आणि छुपेपणानं जुनं पाळतोस, हा गुन्हा. फिकहमध्ये धर्म सोडणाऱ्याला सजा आहे, तिच्याशी हे किती जुळतं बघा. कुराणात धर्म सोडल्याबद्दल माणसानं द्यायची सजा नाही, उलट "धर्मात जबरदस्ती नाही" अशी आयत आहे. बायबलच्या नव्या करारातही नाही. दोन्हीकडं ती नंतर, राज्य हातात आल्यावर आली. आणि चर्च रक्त सांडत नाही म्हणून आरोपीला सरकारच्या हवाली करायचं आणि सरकारनं जाळायचं, ही आमची सोय होती.

शिवाजी पेठ

लई झालं पुस्तकी. मला सांगा, कडक सजेत वाईट काय हाय? परवा त्या चिमुरडीची बातमी आली, त्यावर हितल्याच निम्म्या लोकांनी काय लिहिलं? "अरबस्तानासारखं बिंदू चौकात आणून हातपाय तोडा." तांबडापांढरा, तुम्ही पण लिहिलंय, माझ्याकडं स्क्रीनशॉट हाय. आपल्या शिवाजी महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचं हातपाय तोडलं, बाईच्या अब्रूला हात घातला म्हणून. ते न्याय आणि दुसऱ्यानं केलं की क्रौर्य? मी तर म्हणतो पायजेच. दोन पोरी हायत मला. रात्री क्लासवरनं यायला धा मिनिटं उशीर झाला की मी रंकाळ्यापर्यंत चालत जातो. कोर्टात पंधरा वर्षं तारखा पडत्यात. वकीलताई, तुमास्नी राग यील, पण यात तुमच्या धंद्याचा वाटा हाय.

तांबडापांढरा

स्क्रीनशॉट काढून ठेवायची गरज नव्हती, मी नाकारत नाही. लिहिलं मी, रागात लिहिलं. बलात्कारी आणि धर्मनिंदा यांत फरक आहे की नाही?

दसरा चौक

फरक आहेच. पण चौक तोच आहे आणि बघे तेच. धा मिनिटांच्या उशिराचं मला सांगू नका दादा, मलाही मुलगी आहे. तारखा मी वाढवत नाही, माझ्याकडं अशीलाचे बसभाड्याचे पैसे संपतात तेव्हा मला काय वाटतं ते मला माहीत.

अकरा वर्षं रियाध

मी एसीचं काम करायचो. रियाधला मान उडवायचे तो चौक मी बघितलाय. शुक्रवारी नमाजनंतर गर्दी हटेना म्हणून थांबलो, मला वाटलं अपघात झाला. तलवार बघितली नाही मी, मान खाली घातली होती. फक्त आवाज थांबला. मग टँकरचा पाइप लावून फरशी धुतली, पाणी जाळीकडं जात होतं. बाजूला चहावाला चहा गाळत होता. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, दुसऱ्या शुक्रवारी जेवलो. सवय होती, हे सांगायला आलोय. गुन्हे थांबले नव्हते, दर थोड्या दिवसांनी तीच गर्दी असायची.

दुसरी बाजू पण सांगतो. आमच्या खोलीतल्या एका ड्रायव्हरच्या गाडीखाली माणूस गेला. खूनबहा, म्हणजे जिवाची भरपाई, भरेपर्यंत तो आत. मेलेल्याचा म्हातारा बाप आला, पोराचा पासपोर्टवरचा फोटो बघितला आणि पैसे न घेता माफ केलं. त्या कायद्यात ती माफी वारसाच्या हातात असते, सरकारच्या नाही. आपल्याकडं असं होत नाही. पण हेही खरं की तिथं मेलेला हिंदू असला तर त्याच्या जिवाची रक्कम मुसलमानापेक्षा कमी धरायचे. ते मला कधीच पटलं नाही. फटक्यांची सजा त्यांनी 2020 ला बदलून दंड आणि कैदेवर आणली म्हणतात. ज्यांनी खाल्ले त्यांना आधी भेटलोय मी.

जुना शिपाई

जेलचं नाव घेत नाही. शिवाजी पेठ, तुमच्या वयाचा होतो तेव्हा मीही हेच बोलायचो.

एक पोरगं आलं, एकोणीस वर्षांचं. मंगळसूत्र ओढल्याचा आरोप. फिर्यादी बाईनं ओळखपरेडमध्ये बोट दाखवलेलं, साक्षीदार दोन. घरचा धंदा चपलांचा. पोरगं बराकीत बसून पोत्याच्या सुतळीची वेणी घालायचं, चपलेच्या पट्ट्यावर असते तशी, तीन पदरी, एवढी बारीक की नखानं उचलावी लागायची. रापी आरी आत द्यायला बंदी, म्हणून सुतळी. बोटं रिकामी राहिली की बिघडतात, म्हणायचं. चौदा महिने राहिलं. मग दुसरीकडं एक टोळी सापडली, त्यांच्याकडं ते मंगळसूत्र निघालं. ती बाई खोटी नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की हाच तो.

चौकात हात तोडला असता तर काय परत दिलं असतं त्याला?

रांझ्याच्या पाटलाबद्दल महाराजांचं पत्र आहे, त्याचं म्हणाल तर त्यात पाटलाला हुजूर आणून चौकशी केली, खरं निघालं, असं आहे. आणि हातपाय गेलेल्या त्या माणसाला सांभाळायला त्याचा भाऊबंद पुढं आला, त्याची सोय लावली, हेही आहे. आपण पहिली ओळ वाचतो आणि पत्र मिटतो.

शिवाजी पेठ

काका, पोराचं ऐकून वाईट वाटलं. पण जो खरंच सापडला, कबूल झाला, त्याचं काय? त्याला पण जपायचं? माझं मत बदललेलं न्हाय. चौकशी नीट व्हावी, एवढं मान्य.

घाटाखालचा

चौकशी नीट व्हावी एवढं मान्य केलंत तर चौक गेला की हातातून. चौकशी गोव्यातही व्हायची, कागदोपत्री फार नीट. कबुली मिळेपर्यंत दोरीला टांगायचे.

तांबडापांढरा

मास्तर, "कुराणातच आहे" हे मी दुरुस्त करतो, "हदीस आणि फिकहमध्ये आहे" असं लिहितो. जुन्या करारातले दगडही जोडतो. पण आज ज्या देशांत धर्म सोडला किंवा निंदा केली म्हणून जीव जातो ते कुठल्या धर्माचे आहेत, हा प्रश्न मी काढणार नाही. वकीलताईंनी शेकडो कुंपणं दाखवली, त्या कुंपणांतूनही आसिया बीबी आत गेलीच ना?

दसरा चौक

गेली. म्हणूनच तो प्रश्न ठेवा. तो आम्हालाच विचारला पाहिजे आणि आमच्यात विचारणारे आहेत. तळव्यावर छडी खाऊनही विचारतात.

मिशन कंपाउंड

प्रश्न राहू दे. दुरुस्ती करा, आणि खालची "विषय संपला" ही ओळही काढा.

तांबडापांढरा

काढली.