मदत हवी आहे: विंशोत्तरीत (ज्योतिषातली १२० वर्षांची ग्रहदशा पद्धत) वर्ष ३६० दिवसांचं की ३६५.२५?

सरावासाठी दशा हाताने काढतोय. चंद्र वृषभेत १५ अंशांवर. रोहिणी वृषभेच्या १० अंशांपासून, म्हणजे भुक्त (ओलांडलेल्या) ३०० कला (कला = अंशाचा साठावा भाग), भोग्य (उरलेल्या) ५००. नक्षत्र ८०० कलांचं, चंद्राची महादशा (मुख्य कालखंड) १० वर्षांची. ५०० ÷ ८०० × १० = ६.२५, म्हणून ती ६ वर्षं ३ महिने शिल्लक. इथपर्यंत सॉफ्टवेअरशी तंतोतंत जुळतं.

पुढे मंगळ ७ वर्षं, राहू १८. गुरू ३१ वर्षं ३ महिन्यांनी लागायला हवा. सॉफ्टवेअर तो १६४ दिवस आधीच लावतं! अयनांश (सायन आणि निरयन राशिचक्रांतला फरक) दोन्हीकडे लाहिरी पद्धतीचेच आहेत. कृष्णमूर्ती पद्धतीचे घेतले तरी सुमारे ६ कलांचा फरक, रोहिणीत तो जेमतेम २७ दिवसांचा. म्हणजे सॉफ्टवेअर सावन (३६० दिवसांचं) वर्ष धरतंय, दर वर्षी सव्वापाच दिवस कमी.

खरी अडचण अंतर्दशेची (महादशेतल्या पोटविभागाची). कोष्टकात गुरूत गुरू २ वर्षं १ महिना १८ दिवस, तेही महिना ३० दिवसांचा धरून. हे आकडे आपण सरळ इंग्रजी तारखेत मिळवतो, हे मला तरी पटत नाही.

जन्मवेळ पक्की असलेल्या पत्रिकांवर ज्यांनी दोन्ही पद्धती ताडून पाहिल्यात, त्यांनी सांगावं: घटना कुठल्या वर्षमानाने जुळतात? आणि अंतर्दशा दिवसांत मोडून मिळवता की कोष्टकाप्रमाणेच?