मदत हवी आहे: आर१ वर ट्रॅक्शन आणि स्लाइड कंट्रोल यांची जोडी कशी लावायची?

२०१५ ची यामाहा आर१ ही सुपरबाइक सेकंडहँड घेतली आहे. पुढच्या महिन्यात कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर न्यायची आहे, त्याआधी एक गोंधळ सोडवून द्या.

टीसीएस (ट्रॅक्शन कंट्रोल) मला समजतं. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेगाने फिरायला लागलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) थ्रॉटल, इग्निशन आणि फ्युएल आवरतो. गाडी जितकी झुकलेली तितकी सूट कमी. पण एससीएस (स्लाइड कंट्रोल) म्हणजे मागचा भाग आडवा सरकतोय हे आयएमयू (गाडीचा झुकाव आणि हालचाल मोजणारा सेन्सर) ओळखतं, म्हणे. मग कॉर्नरमधून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला तर आधी चाक फिरणार आणि त्यामुळेच मागचा भाग सरकणार ना? टीसीएसने आधीच ताकद कापली, तर एससीएसला काम उरतं कुठे? की टीसीएस १-२ वर (म्हणजे कमीत कमी हस्तक्षेपावर) ठेवलं तरच एससीएस जाणवतं?

सध्या टीसीएस ४, एससीएस २ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये कॉर्नरमधून बाहेर पडताना डॅशवरचा दिवा लुकलुकतो, इंजिन तोतरं बोलल्यासारखं अडखळतं. हे नक्की कोणाचं काम, ते डॅशवरून कळत नाही. दोन्ही एकदम बदलू नये इतकी अक्कल आहे, पण सुरुवात कुठून करू?

आणखी एक. मागे १९०/५५ मापाच्या टायरऐवजी जास्त रुंद २००/५५ टाकायचा विचार आहे. आर१एमला (आर१ची वरची आवृत्ती) कंपनीच तो देते, पण साध्या आर१ वर चाकाचा घेर बदलल्याने टीसीएसचं गणित बिघडतं का?

'सगळं बंद करून चालव' हा सल्ला मित्रांनी देऊन झालाय, तो सोडून बोला. ट्रॅकवर चालवणाऱ्यांनी आपापलं सेटिंग टायरच्या नावासकट लिहिलं तर फार बरं होईल.